शिवलीला अक्का आणि न सापडणारा अडकित्ता

शिवलीला अक्का पहिल्या दिवशी ऑफिसात आल्या, तेव्हा माऊस वापरायच्या आधी त्यांनी तो उलटा करून बघितला. खालचा गोळा बोटानं फिरवला, त्याच्या खाचेत अडकलेली धाग्यांची गुंडाळी नखानं काढली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि मला विचारलं, "हे साफ कोण करतं?"

कुणीच करत नव्हतं. तो माऊस महिनाभर अडखळत होता आणि मी त्याला शिव्या घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. अक्का मला त्याच क्षणी आवडेनाशा झाल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी माझ्या चांगुलपणातून लिहितेय असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

साल १९९८. मी, उल्का, पुण्याहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन बंगळुरात येऊन दीड वर्ष झालं होतं. बनशंकरीत एका डॉक्टरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आमची सात माणसांची कंपनी होती. मालक त्रिविक्रम धारवाडचा. कन्नड, इंग्रजी आणि चांगलं मराठी बोलणारा, सतत घाईत असलेला माणूस. लंडनच्या एका कंपनीसाठी आम्ही सीडीवर चालणारा खेळ बनवत होतो. एक पछाडलेली हवेली, तिच्या बारा खोल्या. प्रत्येक खोलीच्या चित्रात दहा वस्तू दडवलेल्या. वस्तूंची यादी पडद्याच्या तळाच्या पट्टीत दिसायची, त्या शोधून त्यांच्यावर माऊसनं टिचकी मारायची. दहा सापडल्या की पुढच्या खोलीचं दार उघडायचं, आणि हवेलीतली म्हातारी कशी मेली त्याचा एक धागा हाती यायचा.

यात माझी स्वतःची करामत होती ती भुताची. मधूनच दिवा फडफडायचा, आणि तेवढ्यात म्हातारीचं भूत एखादी वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायचं. म्हणजे आत्ता खुंटीवर पाहिलेला कंदील पुन्हा बघावं तर पलंगाखाली. असा खेळ तेव्हा मी तरी कुठे पाहिला नव्हता. चित्रं आमच्या चित्रकार ध्रुवनं काढली होती, पण भूत माझं होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि आपण काहीतरी थोर केलंय याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हा खेळ पास झाला की पुढच्या खेळाची सगळी जबाबदारी माझ्याकडे देईन, असं त्रिविक्रमनं कबूल केलं होतं.

लंडनवाल्यांनी एकच अट घातली होती. ज्यानं कधी कॉम्प्युटर हाताळलेला नाही अशा माणसाला खेळ पूर्ण खेळायला द्या, त्याचे गुणदोष त्याच्याकडून लिहून घ्या आणि खाली त्या माणसाची सही घ्या. कारण हे खेळ विकत घेणाऱ्या बायका घरात बसून पहिल्यांदाच माऊस धरणाऱ्या असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्रिविक्रमनं कन्नड पेपरात दोन ओळींची जाहिरात दिली: बारीक नजरेची व्यक्ती हवी, तीन महिने कामाची परीक्षा, पुढे कायम. त्यातून या अक्का आल्या.

अक्कांचं माहेर निपाणीजवळ. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि सातवीनंतर शाळा बंद. लग्न होऊन बंगळुरात आल्या; नवरा रेल्वेत, येलहंक्याला. त्याचा पाय कामावर दुखावला आणि त्याला बसून करायचं काम मिळालं, तेव्हा अक्का बाहेर पडल्या. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्यांनी सोळा वर्षं घड्याळाची दातेरी चाकं तपासली. डोळ्याला भिंग लावायचं, ट्रेमधलं एकेक चाक चिमट्यानं उचलायचं आणि दात मोजायचे. दातांवर खरवड आहे का, कड वाकली आहे का, ते बघायचं. मग तिथे तपासणारं मशीन आलं आणि त्यांचा विभाग बंद झाला. तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. मुलगी निधी दहावीत. पुढचं वर्षभर त्यांनी घरोघरी पापड-चटण्या करून दिल्या, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. "हात चालतात, डोळे रिकामे राहतात," असं त्या म्हणायच्या. आमच्याकडे येताना दोन बस बदलायच्या आणि नवाच्या ठोक्याला हजर असायच्या. मी साडेदहाला यायचे.

निपाणीकडच्या बायका बोलतात तसं त्या "मी जातो", "मी बसतो" असं बोलायच्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांची नक्कल करून ध्रुवला हसवलं होतं. ते त्यांनी ऐकलंही होतं.

कामाची त्यांची एक पद्धत होती. प्रोजेक्टरवर टाकायची असते तशी पारदर्शक शीट त्यांनी मागून घेतली, तिच्यावर स्केचपेननं चौकोन आखले आणि ती चिकटपट्टीनं मॉनिटरवर लावली. आडव्या रांगांना आकडे, उभ्या रांगांना कन्नड अक्षरं. मग वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात. एक चौकोन बघायचा, वहीत खूण करायची, मग दुसरा. नजर कुठेही भिरभिरू द्यायची नाही. आम्ही पोरंटोरं पडद्यावर कोंबडीनं दाणे टिपावेत तशी टिचक्या मारत सुटायचो, आणि अक्का एका खोलीला पाऊण तास घेऊन उठायच्या, पण तिथलं सगळं सांगू शकायच्या. कुठल्या चौकोनात चित्राचा रंग फाटलाय, कुठे चमचा दिसतो पण त्याच्यावर टिचकी लागत नाही, कुठे न मागितलेली वस्तू मागितलेल्या वस्तूसारखी दिसते.

"अक्का, हा खेळ आहे, घड्याळ नाही," मी एकदा म्हटलं.

"मग काय झालं? वेळ दोन्हीत जातो की."

तिसरा महिना संपत आला तशी अहवाल लिहायची वेळ आली. अक्का मराठीत सांगणार आणि मी इंग्रजीत लिहिणार, असं ठरलं. त्या एक चिठ्ठी घेऊन आल्या होत्या, कागदाच्या एका बाजूला हिरव्या शाईनं लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला लाल. कारखान्यात प्रत्येक ट्रेला अशी दुरंगी चिठ्ठी असायची म्हणे. खाली तपासणाऱ्याची सही. एकदा सही झाली की साहेबालासुद्धा त्या चिठ्ठीवर काही खोडता यायचं नाही.

"आधी हिरवं लिही," त्या म्हणाल्या. "चांगलं काय ते आधी नीट बघितल्याशिवाय वाईट सांगायचा हक्क न्हाई."

हिरव्या बाजूला सहा गोष्टी होत्या. ऐकता ऐकता मी जरा विरघळले, हे कबूल करते. तिसऱ्या खोलीतला झोपाळा वाजतो तेव्हा मी खुर्चीत मागं वळून बघितलं, असं त्यांनी सांगितलं. भूत वस्तू हलवतं त्यामुळे पाहिलेली खोलीही पुन्हा बघावीशी वाटते, हेही सांगितलं. ध्रुवची चित्रं हातानं काढलेली कळतात, पानदानावर तर बोटांचे ठसेसुद्धा दिसतात. कुठेही घाई करत नाही हा खेळ, घड्याळ लावून मागे लागत नाही. म्हातारीबद्दल भीती वाटते आणि दयाही येते. सहावी गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली: हरवलेलं सापडलं की छातीत जे होतं, ते इथं खरंच होतं.

मग कागद उलटला. लाल बाजूला नऊ होत्या.

काळोख इतका की डोळे दुखतात. भीती काळोखाची वाटायला हवी, चष्म्याचा नंबर वाढेल याची नको. वस्तूंची नावं अशी की 'भांडं' म्हटलं तर खोलीत सात भांडी. वाट्टेल तिथे टिचक्या मारत सुटलं तरी वस्तू सापडतात, मग बघून शोधणाऱ्याला काय मिळालं? सातव्या आणि नवव्या खोलीचं चित्र तेच, नुसती डावी-उजवी बाजू बदललेली. ध्रुव हे ऐकून पाणी प्यायला गेला. भूत नेहमी दाराशीच दिसतं, चौथ्या वेळी आपण त्याची वाटच बघतो. अशा एकेक करत त्या सांगत होत्या आणि माझा पारा चढत होता. आठव्या दोषाला तर मी पेन खाली ठेवलं.

"वस्तू शोधायची कशाला, तेच कळत न्हाई," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे काय? शोधायचा खेळ आहे म्हणून!"

"तसं न्हवं गं. मेलेल्या माणसाच्या घरात आपण का शोधतो? माझी सासू गेली तेव्हा आम्ही सगळं घर उलथंपालथं केलं. तिचा चष्मा हवा होता, का तर तिच्या पेटीतल्या चिठ्ठ्या बघायच्या होत्या, आणि अक्षर इतकं बारीक की तिच्याच भिंगाशिवाय वाचता येईना. प्रत्येक वस्तूला कारण होतं. तुझ्या खेळात मी छत्री शोधतो, बदक शोधतो, शिडी शोधतो. दार उघडतं. म्हातारीचा आणि बदकाचा संबंध काय?"

मी चिडले. "लंडनच्या लोकांना चालतं," असं काहीतरी बोलले.

"चालत असेल. मी मला काय वाटलं ते सांगतो."

नववा दोष सगळ्यात वाईट होता. शेवटच्या खोलीत दिवा फडफडल्यानंतर अडकित्ता कधीकधी सापडतच नाही. आपण चारही बाजू, सगळे चौकोन पिंजून काढले तरी नाही. आणि अडकित्ता नाही म्हणजे दार नाही, शेवट नाही, म्हातारी कशी मेली ते कळायचंच नाही. असं दोनदा झालं होतं. दोन्ही तारखा त्यांच्या वहीत होत्या.

"भूत आहे अक्का, वस्तू हलवणारच ते," मी म्हटलं. "तुमच्याकडून एखादा चौकोन राहिला असेल."

"माझ्याकडून चौकोन राहत न्हाई."

हे त्या उद्धटपणे बोलल्या नव्हत्या. आपलं नाव सांगावं इतक्या साधेपणानं बोलल्या. पण मला ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी इंग्रजीत अहवाल लिहिला. माझं इंग्रजी चांगलं आहे, आणि चांगल्या इंग्रजीत काय काय दडवता येतं ते मला त्या दिवशी कळलं. काळोखाबद्दल मी लिहिलं, 'वातावरणनिर्मितीसाठी प्रकाश विचारपूर्वक मंद ठेवला आहे.' सात भांड्यांबद्दल, 'नावांमुळे खेळाडूची कल्पनाशक्ती जागी होते.' बाकी तीन असेच गुळगुळीत केले, दोन गाळले. बदक आणि म्हातारी गाळली. अडकित्ताही गाळला. मी खोटं लिहितेय असं मला वाटलंच नाही. अक्कांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं, मी त्यांचं म्हणणं नीट शब्दांत मांडतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शिवाय खेळ पास व्हायला हवा होता. माझा पुढचा खेळ त्यावर अवलंबून होता.

गुरुवारी दुपारी कागद अक्कांसमोर ठेवला. "इथे सही करा." शुक्रवारी पाच वाजता कुरिअरवाला यायचा होता. अक्कांच्या परीक्षेचे तीन महिनेही त्याच शुक्रवारी संपत होते.

त्यांनी कागद हातात घेतला, बोट ठेवून ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या. "हिरवे सहा आहेत. लाल मी नऊ सांगितले. इथं पाच दिसतायत."

"दोनदोन एकत्र केलेत."

"मग मला वाचून दाखव."

मी वाचायला लागले, मराठीत सांगत सांगत. दोषांच्या तिसऱ्या वाक्याला माझी जीभ अडखळायला लागली, कारण माझंच गुळगुळीत इंग्रजी मला परत मराठीत आणता येईना. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. रागावलेल्या नव्हत्या. वहीत खूण करताना बघायच्या तसंच बघत होत्या.

"बाकीचे कुठं लपवलेस?" त्यांनी विचारलं.

त्रिविक्रम आला. त्यानं समजावलं, विनवलं, मग आवाज चढवला. लंडनला तारीख दिली आहे, अक्का, सही करून टाका, दोष पुढच्या महिन्यात काढू. अक्कांनी नकारार्थी मान हलवली.

"सर, एकदा मी अशी सही केली होती," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणाले वेळ न्हाई, ट्रे जाऊ दे. मी न बघता सही केली. तीन महिन्यांनी चाकांची पेटी परत आली. साहेबांनी माझी चिठ्ठी फळ्यावर टाचली, सगळ्यांना दिसावी म्हणून. आठ दिवस मी त्या फळ्याखालून जेवायला जात होतो. चाकं वाईट निघाली त्याचं न्हाई वाटलं एवढं. माझं नाव होतं तिथं, आणि मी ती बघितलीच नव्हती. तेव्हाच ठरवलं, जे बघितलं तेच लिहायचं. पुन्हा न्हाई सर."

"मग उद्याचा तुमचा शेवटचा दिवस," त्रिविक्रम म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण कोपऱ्यात सापडला होता. "किंवा तो अडकित्ता मला हरवून दाखवा. माझ्या डोळ्यांसमोर. झालं तर कुरिअर थांबवतो."

"आयतु सर, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "सकाळी बसतो."

शुक्रवारी मी आले तेव्हा अक्कांचे चार डाव झाले होते. शेवटच्या खोलीच्या आधीचा साठवलेला खेळ उघडायचा, आत शिरायचं, दिवा फडफडायची वाट बघायची, आणि अडकित्ता कुठे गेला ते शोधायचं. पलंगावर सापडला. वहीत खूण. पुन्हा पहिल्यापासून. कोनाड्यात सापडला. खूण. पडदा, उंबरठा, तिपाई. त्रिविक्रम आपल्या केबिनमधून दर पंधरा मिनिटांनी येऊन खुर्चीमागे उभा राहायचा, बघायचा आणि निघून जायचा.

मला बसवेना. अक्का किती वेड्या आहेत हे सिद्ध करायचं म्हणून, साधारण साडेअकराला, मी माझा प्रोग्राम उघडला. भूत वस्तू कुठे कुठे ठेवू शकतं अशा चाळीस जागा मी प्रत्येक खोलीसाठी लिहून ठेवल्या होत्या. यादीची पट्टी आधी पडद्याच्या वरच्या कडेला होती. लंडनवाल्यांच्या सांगण्यावरून मार्चमध्ये ती आम्ही तळाशी आणली, आणि तेव्हा पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागा मी बदलत बसले होते. अकरा खोल्या बदलल्याचं मला आठवत होतं. बारावीही बदलल्याचं आठवत होतं.

बारावी बदललेली नव्हती. चाळिसातली एक जागा थेट पट्टीखाली होती. भुतानं अडकित्ता तिथे ठेवला की तो पट्टीमागे जायचा, आणि कितीही डोळे फाडून बघितलं तरी कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

मी ती खिडकी बंद केली.

उठून सांगायला हवं होतं. चार पावलांवर अक्का बसल्या होत्या. पण माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: चाळिसात एकदा होणारी गोष्ट आहे, आज नाही झाली तर खेळ जाईल, मी गुपचूप दुरुस्त करून पुढची सीडी पाठवीन, कुणाला कळणारही नाही. पुढचा खेळ माझा. आणि अक्का? अक्कांचं काय होणार ते मला माहीत होतं. इतक्या वर्षांनीही हे लिहिताना लाज वाटते, पण माहीत असूनच मी गप्प बसले.

जेवायची सुट्टी झाली. अक्कांनी डबा मॉनिटरसमोरच उघडला. एका हातानं भाकरीचा तुकडा मोडायचा, दुसऱ्यानं माऊस. मला म्हणाल्या, "ये की, शेंगाचटणी आहे." मी भूक नाही म्हटलं. वीस झाले, पंचवीस झाले. अडकित्ता प्रत्येक वेळी सापडत होता. खरं तर त्या दिवशी अक्का शोधण्यात इतक्या तरबेज झाल्या होत्या की दोनतीन मिनिटांतच सापडायचा, आणि सापडला की त्यांचा चेहरा पडायचा. आयुष्यभर सापडावं म्हणून शोधणारी बाई त्या दिवशी सापडू नये म्हणून शोधत होती.

चार वाजता त्यांनी डोळ्यांवर पाणी मारलं आणि परत येऊन बसल्या. पाठ ताठ. एकतीस. बत्तीस. ध्रुव बाजूला खुर्ची ओढून बसला आणि त्यांच्या वतीनं खुणा करायला लागला, त्यांच्या डोळ्यांना तेवढीच विश्रांती. एकाही चौकोनावर त्या घाई करत नव्हत्या. हरत आलेलं माणूस हात वेगानं चालवतं, अक्कांचा हात सकाळी होता त्याच वेगानं चालला होता. मी ते बघत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

पावणेपाचला त्रिविक्रम आला. "किती झाले?"

"अडतीस, सर."

"अक्का, बास. आता सही करताय?"

"न्हाई सर. आहे तो दोष. आज दिसला न्हाई एवढंच." त्या उठल्या. मॉनिटरवरची शीट त्यांनी चिकटपट्टीसकट हळूच सोडवली, गुंडाळी केली, डबा पिशवीत घातला. वही त्रिविक्रमसमोर ठेवली. "ही इथंच असू दे. पुढं कुणी बघणारं आलं तर त्याचा वेळ वाचेल."

या शेवटच्या वाक्यानं माझा धीर सुटला. मी इतकी वर्षं माझ्या धिटाईच्या गोष्टी सांगत आलेय, पण तेव्हा मी उठले ती धिटाईनं नाही. मला त्या बाईला जिन्यावरून उतरताना बघणं शक्य नव्हतं, म्हणून उठले.

"दोष आहे," मी म्हटलं. "बाराव्या खोलीत. माझ्याकडून एक जागा पट्टीखाली राहिलीय. या, दाखवते."

त्रिविक्रम माझ्या पडद्याशी आला, वाकून ती ओळ बघितली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"साडेअकराला."

ध्रुवनं पेन खाली ठेवलं. अक्का खांद्याला पिशवी लावून दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील आणि मग मला रडता येईल. त्यांनी पिशवी परत खुर्चीवर ठेवली, बसल्या, आणि आपली दुरंगी चिठ्ठी बाहेर काढली.

त्रिविक्रमनं कुरिअरवाल्याला परत पाठवलं आणि लंडनला फोन लावला. तीन आठवडे मागितले, ते मिळाले. अक्कांना तिथेच म्हणाला, "सोमवारपासून कायम," आणि माझ्याकडे न बघता केबिनमध्ये गेला. पुढचा खेळ माझ्याकडे आला नाही. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, करण्यासारखं काही नव्हतंच.

"चल," अक्का मला म्हणाल्या. "लिहून टाकू. मला सहाची बस आहे."

मी नवा कागद घेतला. हिरवे सहा लिहिले. लाल नऊ लिहिले, त्यांच्या शब्दांत, डोळे दुखतात ते दुखतात म्हणून, बदकाचा आणि म्हातारीचा संबंध नाही तो नाही म्हणून. इंग्रजी खडबडीत झालं. अक्का एकेक वाक्य मराठीत परत ऐकून पुढे जात होत्या. नऊ झाल्यावर मी कागद सहीला पुढे केला, पण त्यांनी घेतला नाही. लाल पेन उघडून चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिली आणि मला दिली. "हे पण."

मी वाचलं. 'खेळ बनवणारीला दोष सकाळी कळला. तिनं तो संध्याकाळपर्यंत सांगितला न्हाई.'

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "अक्का, हा खेळाचा दोष नाही."

"खेळ कुणी केला?"

मी ते इंग्रजीत लिहिलं. एकही शब्द मऊ केला नाही. लिहून झाल्यावर मान वर केली तर अक्का चिठ्ठी उलटवून दुसऱ्या बाजूला हिरव्या पेननं काहीतरी लिहीत होत्या. वेळ लावून, मुळाक्षरं गिरवावीत तसं. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. सहा गुणांच्या खाली सातवा होता, एकाच शब्दाचा.

'सांगितला.'

तोही मी लिहिला. अक्कांनी तो मराठीत परत ऐकला आणि खाली सही केली.